समुद्राच्या काठावरची खुंटी

"यशा, ती होडी बघ! मघाशी एका कुशीवर आडवी पडली होती ना?"

"हो. आता सरळ उभी आहे. मग?"

"मग तिला उभं कुणी केलं?" रोहिणीने विचारलं.

यशराजचा घास तोंडातच राहिला. होडी तरंगत होती!

जळोची गावची ही दोघं भावंडं सुट्टीत आजी-आजोबांबरोबर अंदमानला आली होती. बेटाच्या काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटेने चौघं सकाळी या एकाकी किनाऱ्यावर पोचले. मागे उभा कडा, पुढे समुद्र. परतायला एकच वाट, कड्याला वळसा घालणारी वाळूची पट्टी. छबूआजीचा गुडघा सुजला होता आणि तिला पोहता येत नव्हतं.

आजोबा, म्हणजे दत्तोबातात्या, मात्र दशम्या खाऊन झाडाखाली आडवे झाले होते.

"तात्या, उठा! पाणी चढतंय!"

"गप गं! उन्हाळ्यात उतरलेलं पाणी पावसाळ्याबिगर माघारी येत न्हाय. आमी उजनीच्या गाळात कलिंगडं लावतो, ती काय उगाच?"

"ते धरण आहे, तात्या! समुद्राला रोज भरती येते!"

"मला पाणी शिकवतीस व्हय? म्हातारीला जरा पडू दे."

यशराज धावत जाऊन पट्टी बघून आला. "ताई, सकाळी आपण चौघं शेजारी शेजारी चाललो ना? आता एकापुरतीच वाळू उरलीय!"

ओरडून उपयोग नव्हता. रोहिणीने क्षणभर विचार केला.

"तात्या, लावता पैज? पाण्याच्या कडेला तुमच्याच हाताने खुंटी ठोका. पाणी मागे सरलं, तर मी तोंड उघडणार नाही. चढलं, तर मी सांगेन तसं चालायचं!"

तात्या ताडकन उठले. धरणाचं पाणी किती हटलं ते बघायला ते दर उन्हाळ्यात अशीच खुंटी ठोकत. वाळकं लाकूड दगडाने ठोकून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

लाट आली. खुंटी भिजली.

"लाट हाय ती! जाईल माघारी."

लाट गेली. पुढची आली, तीही गेली. रोहिणी सारखी पट्टीकडे बघत होती. पैज जिंकेपर्यंत वाटच बुडाली तर? आणखी काही लाटा, आणि मग लाट ओसरली तरी खुंटी पाण्यातच राहिली!

तात्यांचा चेहरा उतरला. ते आजीकडे धावले. "अगं ए, ऊठ! ऊठ लवकर!"

पट्टीवर आता गुडघाभर पाणी होतं. तात्यांनी उपरणं सोडलं. पुढचं टोक त्यांच्या हातात, मागचं यशराजच्या, मध्ये आजी. रोहिणी लाटांवर नजर ठेवून ओरडत होती.

"थांबा! कड्याला चिकटा! ...आता चला!"

कोपऱ्यावर लाट कमरेपर्यंत आली. आजीचा पाय घसरला!

"आजी, पदर सोड, हात धर!" यशराजने तिचा दंड पकडला.

"मेल्या, हात उपटशील माझा!" आजी किंचाळली, पण उभी राहिली.

आणखी थोडी पावलं, आणि कोरडी वाळू! मागे वळून पाहिलं, तर पट्टीच्या जागी नुसता फेस उसळत होता.

संध्याकाळी तात्यांनी मुलाला फोन लावला. रोहिणी कान टवकारून बसली. आता तात्या काय सांगणार?

"आरं, माझंच चुकलं. पाणी वळखतो म्हणून लई मिरवत व्हतो. आज पोरीनं वळखलं. पोरगाबी वाघ निघाला. दोघांमुळं तुझी आई हितं भजी खातीया."

"आन तुमी बी!" आतून आजी ओरडली.