उजव्या चाकातली गुणगुण

आमच्या दोन महिन्यांच्या नव्याकोऱ्या गाडीतून आवाज येत होता आणि तो फक्त मला ऐकू येत होता. बंद खोलीत भुंगा फिरावा तसा, एकसुरी. मी बाबांना तसं सांगितलंही.

"सारथी, काही बिघाड आहे का?" बाबांनी गाडीतल्या संगणकाला विचारलं.

"सगळं ठीक आहे," सारथी म्हणाला.

"ऐकलंस, शमू? भुंगा तुझ्याच कानात शिरलाय."

मला असा राग आला म्हणता! शेजारी वृंदाआत्या पोटावर हात ठेवून बसली होती. ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दुपारी चारच्या आत तिला घाटाखालच्या रुग्णालयात दाखल करायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. तांबडखिंडीचा घाट दहा मिनिटांवर आला होता. अशा वेळी कुणी उगाच आवाज ऐकतं का?

पुढे बाबांच्या शेजारी अण्णा होते, माझे आजोबा. धरणावरच्या जनित्रांची थरथर मोजण्यात त्यांची हयात गेली आणि त्या घरघरीतच त्यांचे कान गेले. मी पुढे वाकून त्यांना मोठ्याने सगळं सांगितलं.

"मला ऐकू येत नाही, पण शोधता येतं," अण्णा म्हणाले. "तू माझे कान हो. शिरीष, वेग कमी कर. शमे, आता?"

"आवाज खाली गेला."

"वाढव. आता?"

"वर चढला."

"म्हणजे वेगाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. आता न्यूट्रल कर, मोटरचा जोर चाकांपर्यंत जाऊ देऊ नकोस."

बाबांनी नाइलाजाने केलं. मी श्वास रोखून ऐकलं. गुणगुण तशीच होती.

"मग मोटरचा दोष नाही. जोर काढला तरी चाकं फिरतातच, आवाज चाकांपाशी आहे. पण चाकं चार."

"अण्णा, उशीर होतोय हो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात घाटाचं पहिलं वळण आलं, डावीकडचं. गुणगुण एकदम फुगली. लगेच दुसरं वळण उजवीकडे आणि आवाज जवळजवळ मेला. मी ते ओरडूनच सांगितलं.

"बसमध्ये वळणावर आपण कुठे कलंडतो?" अण्णांनी विचारलं.

"बाहेरच्या बाजूला."

"गाडीचंही तसंच. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो, आणि दुखऱ्या पायावर भार पडला की माणूस कण्हतो. दोष उजव्या बाजूला आहे. शिरीष, थांबव गाडी."

"सारथी म्हणतोय ठीक आहे. पुढे सतरा वळणं आहेत, वृंदाला..."

"म्हणूनच थांबव," आत्याच म्हणाली.

बाबांनी गाडी कठड्याजवळच्या रुंद जागेत घेतली, चाकांना दगड लावले आणि जॅकवर आधी मागचं उजवं चाक उचललं. अण्णांनी आपल्या काठीचं टोक चाकामागच्या पोलादाला टेकवलं, मूठ तोंडाजवळ आणली.

"कान गेले तरी हाडं ऐकतात," ते मला म्हणाले. "थरथर काठीतून दातांत आणि तिथून डोक्यात पोचते. फिरव."

त्यांनी मूठ दातांत धरली आणि मी चाक फिरवलं. अण्णांनी मान हलवली, इथे काही नाही. मग पुढचं चाक उचललं. ते फिरवताच अण्णांनी डोळे मिटले.

"वाळू दळल्यासारखं वाटतंय. बेअरिंग (चाक सहज फिरावं म्हणून बसवलेली पोलादी गोळ्यांची कडी) गेलंय. शिरीष, जवळ हात ने, पण टेकवू नकोस."

बाबांनी हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. केवढी धग होती ती. त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

ती वीस मिनिटांत आली. चारला पाच कमी असताना आत्या दाखल झाली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बेअरिंग उघडलं. आत गंजाचा लाल चिखल होता. "वंगण (गोळ्या घासू नयेत म्हणून भरलेलं ग्रीस) धुऊन गेलंय. दाबाच्या पाण्याने कुणी धुतलं?"

खंडेनवमीला आम्ही गाडीची पूजा करतो. हळदीकुंकवाआधी गाडी चकाचक हवी म्हणून मी बागेचा जोरदार फवारा घेतला होता. नळी पोचली तेवढ्या एकाच चाकाच्या मधोमध अर्धा तास धार धरली होती. पुढच्या उजव्या.

"मी," मी म्हणाले आणि रडू फुटलं.

बाबा माझ्याजवळ उकिडवे बसले. "तू धुतलंस, तसं तूच ऐकलंस. मी तर तेही केलं नाही."

"सारथीने खोटं का सांगितलं?"

"खोटं नाही," अण्णा म्हणाले. "मोटर, ब्रेक, टायरची हवा, एवढंच त्याला कळतं. चाकांत त्याला कान नाहीत. ते आता आपण दोघं बसवू."

महिनाभर खपून आम्ही चारही चाकांजवळ थरथर टिपणारे काचमण्याएवढे संवेदक (बदल ओळखणारी उपकरणं) बसवले. आत्याला आणि तिच्या तान्ह्या लेकीला सासरी पोचवताना आम्ही त्याच घाटाशी आलो.

"चारही चाकं शांत आहेत," सारथी म्हणाला.

बाबांनी तरी गाडी हळू केली, गाणं बंद केलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"शमू, तुला काही ऐकू येतंय?"

मी पहिलं वळण पुरतं होईपर्यंत ऐकलं. बाळाच्या श्वासाखेरीज काही नव्हतं.

"चला," मी म्हणाले. तेव्हा कुठे बाबांनी वेग वाढवला.