साक्षीदार ‘अ’ हाजिर हो

आर्वीच्या एसटी डेपोसमोर ज्योत्स्नाच्या बापाचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर तिचं वकिलीचं ऑफिस. सत्त्याण्णव सालचा एप्रिल. खाली ठाण उलगडल्याचा फटफट आवाज, समोर गाड्यांच्या घोषणा, आणि टेबलावर नेहमीचीच प्रकरणं: धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे तंटे, वाटण्या, फेरफार.

त्या दिवशी तानाबाई जिना चढून आल्या. वय पन्नाशीचं, काम मजुरीचं. गेली सहा वर्षं गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाया गोळा करून त्या नाल्यातल्या दारूच्या भट्ट्या फोडत होत्या. जिल्ह्यात दारूबंदी होती, म्हणजे दुकानात बाटली मिळत नव्हती इतकंच. भट्ट्या कोणाच्या आशीर्वादानं पेटतात हे सगळ्या आर्वीला ठाऊक होतं. तोंडानं बोलत होत्या त्या फक्त तानाबाई.

त्यांच्या हातात उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची नोटीस होती. वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि नागपूर या चार जिल्ह्यांतून तुम्हाला दोन वर्षं तडीपार का करू नये? तुमच्या दहशतीमुळं लोक उघड साक्ष द्यायला धजत नाहीत. सोबत एका गोपनीय जबाबाचा उतारा होता. साक्षीदार ‘अ’ सांगत होता की तीन फेब्रुवारीला दुपारी दोनच्या सुमारास तानाबाईंनी त्याला नाल्याजवळ अडवलं आणि गळ्याला विळा लावला. त्याचं नाव, गाव, धंदा, काहीच नव्हतं.

“तीन तारखेले मी वर्ध्याच्या दवाखान्यात होती,” तानाबाई म्हणाल्या. “सून बाळंत झाली. नातनीले पयले माह्याच हातात देल्लं.” मग त्यांनी नोटिशीवर बोट ठेवलं. “हा ‘अ’ कोन हाय, बाई? त्याले माह्यापुढं आना.”

कायद्यात तशी सोय नाही, असं ज्योत्स्नाला सांगावं लागलं. सांगताना तिची तिलाच लाज वाटली.

“नसन सोय. तरी मागा. मले घरातून हाकलून राह्यले, अन् कोन हाकलते ते मी पाहू पन नको?”

ज्योत्स्नानं दवाखान्याचे कागद जोडून तीन ओळींचा अर्ज केला: साक्षीदाराला समोर आणा, मला त्याला प्रश्न विचारायचे आहेत. ठाणेदाराशी वैर घेऊन बाजारात दुकान कसं चालवायचं, असं बाप जेवताना म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला.

दंडाधिकारी नवे होते, तरुण होते. जबाब खरा की खोटा याची खात्री करणं माझं कामच आहे, असं ते म्हणाले. साक्षीदाराला पडद्याआड बसवू. वकीलबाईंनी थोडे प्रश्न विचारावेत, नाव मात्र उघड होणार नाही.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, जमादार सदाशिवराव माडीवर आले. पोलिसांच्या बाजूनं तडीपारीचा प्रस्ताव त्यांनीच लिहिला होता. निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस. खुर्चीवर बसले आणि टोपी मांडीवर घेऊन तिची कड चाचपत राहिले.

“मॅडम, त्याले बोलावू नका.”

“का? घाबरतो तो तानाबाईंना?”

“तो नाईच.” त्यांनी मान वर केली नाही. “ठाणेदारसाहेबानं सांगितलं, मी लिहिलं. ठाण्यात बसून. असा मानूसच नाई.”

ज्योत्स्नानं वही पुढं ओढली. हे लिहून द्याल का, असं तिनं विचारलं. जमादारांनी जणू ऐकलंच नाही. आपण एकच पान लिहिलं होतं, असं ते सांगू लागले. फाइल कुलपात होती, किल्ली त्यांच्याच कमरेला. सोमवारी उघडली तर दोन पानं. काल तीन. अक्षर त्यांचंच, खोडायची तऱ्हासुद्धा त्यांचीच.

“तिसऱ्या पानावर काय आहे?”

“गुरुवारी दुपारी जमादार वकीलबाईकडं जाईल, म्हणून लिहिलं हाय.”

खाली कोणीतरी ठाण उलगडलं. ज्योत्स्ना म्हणाली, म्हातारपणी मन खातंय तुमचं, दुसरं काही नाही. पण ते गेल्यावर ती बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत बसली.

शनिवारी साडेअकराला कचेरीत पंखा कुरकुरत होता. ग्रामीण रुग्णालयातून हिरव्या कापडाची घडीची चौकट मागवली होती, खाटेभोवती लावतात तसली. तिच्यामागं एक लाकडी खुर्ची, आणि खुर्चीजवळ मागचं दार. पुढं दंडाधिकारी साहेब, टंकलेखक, ज्योत्स्ना, तानाबाई. भिंतीला टेकून जमादार.

शिपाई रामाजी मागच्या दारात गेला आणि सवयीच्या सुरात ओरडला, “साक्षीदार ‘अ’ हाजिर हो!”

जमादारांच्या चेहऱ्यावर जरा सुटकेची छटा आली. कोण येणार होतं?

मग खुर्ची करकरली.

रामाजी परत येऊन आपल्या जागी उभा राहिला. साक्षीदार आला का, असं साहेबांनी विचारलं. बसला, रामाजी म्हणाला. जमादारांनी भिंतीला पंजा लावला. ज्योत्स्नानं तेवढं पाहिलं आणि ती उठली. पाच मिनिटांसाठी का होईना, मागितलेलं तिला मिळालं होतं, आणि ते ती सोडणार नव्हती.

“तीन फेब्रुवारीला तुम्ही नाल्याजवळ होतात?”

“होतो.” आवाज साधाच होता. कुठंतरी ऐकलेला, पण कुठं ते आठवू नये असा.

“ऊन होतं की आभाळ?”

“ते लिहिलं नाही.”

टंकलेखकाचे हात थांबले. साहेबांनी खुणावल्यावर पुन्हा चालू झाले.

“विळा कोणत्या हातात होता?”

“ते लिहिलं नाही.”

“तुम्ही कुठून येत होतात? घर कुठं तुमचं?”

आता साहेबांनी हरकत घ्यायला हवी होती. त्यांनी घेतली नाही.

“घर देल्लं नाई मले,” आवाज म्हणाला. या वेळी तो हुबेहूब जमादारांसारखा होता.

तानाबाई उठल्या. कोणाची परवानगी न मागता त्या चालत गेल्या आणि हिरव्या कापडाच्या पलीकडं वळल्या. ज्योत्स्नाला कापडाखाली त्यांचे पाय दिसत होते. भेगाळलेले, ठाम रोवलेले. खुर्चीचेही चार पाय दिसत होते.

दुसरे पाय दिसत नव्हते.

“माह्याकडं पाहून सांग,” तानाबाई म्हणाल्या. “मी तुले कधी काई केलं का?”

पंखा फिरत होता.

“नाई.”

खुर्ची पुन्हा करकरली, ओझं उतरल्यासारखी.

साहेबांनी तेवढा शब्द टंकून घेतला. मग तिथंच, पाणी पिऊन, आदेश सांगितला: जबाब विश्वासार्ह नाही, नोटीस मागे घेण्यात येत आहे. सही करताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

काय दिसलं, असं ज्योत्स्नानं हळूच विचारलं. तानाबाई पदरानं चेहरा पुसत होत्या. घाबरलेल्या नव्हत्या, संतापलेल्या होत्या.

“मानूसच होता, बाई. फक्त तोंड नोतं. अर्जात नावासाठी जागा सोडतात ना, तशी कोरी जागा होती.” त्या जमादारांकडं वळल्या. “अर्धाच बनवला तुमी त्याले. अन् धाडला माह्यावर.”

जमादार भिंतीशी खाली बसले होते. नोकरीत असे किती जबाब लिहिले, असं ज्योत्स्नानं त्यांना विचारलं. ते बोटांवर मोजू लागले, दोन्ही हातांची बोटं संपली.

तेवढ्यात रामाजी आत आला. व्हरांड्यातला बाक भरलाय, म्हणाला. साक्षीला आलोत म्हणतात, नाव विचारलं तर सांगत नाहीत. कोणाविरुद्ध विचारलं, तर प्रत्येक जण वेगळं नाव घेतो. ज्यांची नावं घेतात त्यातली काही माणसं तडीपार होऊन वर्षं झाली. एक तर हद्दीबाहेरच मेला.

“अन् एक जन,” रामाजी अडखळला, “तुमचं नाव घेऊन राह्यला, वकीलबाई.”

ज्योत्स्नानं पेनचं टोपण काढलं.

“त्यालाच आधी बोलवा,” ती म्हणाली. “आणि तो पडदा काढा.”

रामाजीनं चौकटीची घडी घातली. त्यानं अजून हाक मारली नव्हती. बाहेर बाकावरून एकच जण उठला.