यंत्राच्या खोलीची फक्की

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या माळावर कालिंदीनं नव्या कॅन्सर विभागाचा नकाशा चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात आखायला घेतला होता. रुग्णांनी आधी त्यातून चालून पाहायचं, मगच पाया खणायचा, हा या आर्किटेक्ट बाईंचा हट्ट. आपलं गणित चुकत नाही, याची तिला खात्री होती, आणि बहुतेक वेळा ते चुकतही नसे.

आज पाचोडच्या आवडाबाई आल्या होत्या. जुन्या इस्पितळाच्या तळघरात किरणांचे तीस शेक घ्यायचे, तर बारा घेऊन त्यांनी पाठ फिरवली होती. "त्या तळघरात जीव घुसमटतो. मेले तरी नाय जायची," असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. आणखी आठवडा गेला तर दुखणं हाताबाहेर जाणार होतं. तशीच खोली उघड्यावर पाहिली की भीती मोडेल, असा कालिंदीचा हिशेब.

जिथं मोठी खिडकी येणार होती, तिथं आवडाबाई थांबल्या. "इथं गार लागतंय, ताई."

मे महिन्यातलं बाराचं ऊन. कालिंदी हसत आत आली आणि तिच्या मानेवरचा घाम सुकला. वारा असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

पुढं यंत्राची खोली, पाच फूट जाड भिंतींची. आवडाबाई आत गेल्या. मागोमाग बन्सी मुकादमानं घमेल्यातली फक्की सोडत दारावरूनही सलग रेघ ओढली. पाया आखताना दाराची जागा सोडत नाहीत. तीस वर्षांची सवय.

आवडाबाई वळल्या आणि थबकल्या.

दहा पावलांवर, लख्ख उन्हात त्या उभ्या होत्या. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

मग त्या हवेवर थापा मारू लागल्या. तळवे हवेतच अडत होते.

कालिंदीनं धावत जाऊन चपलेनं दारावरची रेघ पुसली.

"...उघडा की वो दार!"

आवडाबाई बाहेर आल्या, धापा टाकत टेकल्या. "उद्यापासून जाते मी तळघरात शेकाला. त्याला दार तरी हाय."

कालिंदीला इतकं हायसं वाटलं की तिला हसू फुटलं. "नक्की ना, मावशी?"

"व्हय. पण त्या दुसरीला बी काढा की."

"दुसरी कोण?"

"माझ्या मागं उभी व्हती. लई ठोकतीय बिचारी."

माळ रिकामा होता. पुसलेली रेघ पुन्हा जोडून बन्सी घमेलं झटकत होता.

आवडाबाईंनी कान दिला.

"थांबलं बघा," त्या म्हणाल्या.