शशिकांतकाकांची सिक्सर

"माझे पॉइंट्स बोर्डावर का नाहीत?" मध्यंतराची शिट्टी वाजल्यापासून अबिगेल विचारत होती, पण एक मोठं माणूस लक्ष देईल तर शपथ!

कॅनडाभरच्या मुलामुलींची ही गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या, फुटबॉलची नॉकआउट स्पर्धा दुसऱ्याच वर्षी भरत होती. बॉल आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. दांडीवरून, दोन खांबांमधून गेला की एक. अबिगेलने दोनदा दांडीवरून मारला होता, तरी तिची व्हिटबीची टीम ग्वेल्फच्या टीमच्या दोन पॉइंट मागे! हरलं की बाहेर. आणि अबिगेलला पुढचं वर्षही नव्हतं, कारण ऑगस्टमध्ये पप्पांच्या नोकरीपायी सगळं बिऱ्हाड दूर रेजिनाला निघालं होतं. ही टीम सुटली की सुटली.

"रेफरीने वाइड दिले, बाळा," बोर्ड सांभाळणाऱ्या उमाकाकू सँडविच खाता खाता म्हणाल्या.

"काकू, दोन्ही आत गेले. मी पाहिलंय."

"रेफरीला जास्त कळतं ना? जा, पाणी पी."

झालं. मोठ्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, पाणी पी. अबिगेल धुमसतच गोलकीपर स्वानंदकडे गेली.

"आय सॉ इट टू," तो म्हणाला. "पण रेफरी मधे असतो. वाइड की पॉइंट ते खांबापाशी उभा असलेला अंपायर सांगतो."

"त्या खांबापाशी कोण होतं?"

स्वानंदचा चेहरा पडला. "बाबा."

ठरलेला अंपायर ऐन वेळी आलाच नाही, म्हणून त्याच्या बाबांना, शशिकांतकाकांना, उभं केलं होतं. काका मूळचे नागपूरचे आणि दर शनिवारी क्रिकेटचे अंपायर. इथलं काम सोपं होतं. गोल झाला की हिरवा झेंडा, पॉइंटला पांढरा, वाइडला डोक्यावर हातांची फुल्ली. पण दोन्ही झेंडे खांबामागे गवतात लोळत होते आणि त्यांच्यावर काकांचा चहाचा थर्मास होता.

"काका, माझे पॉइंट्स दिले नाहीत?"

"दिले ना दोन्ही. काय वो पोरी, मला अंपायरिंग शिकवतेस?"

"पण कसे दिले?"

"जसे देतात तसे. जा, पाणी पी."

अबिगेलने कपाळावर हात मारून घेतला. मग ती स्वानंदच्या कानात काहीतरी कुजबुजली. स्वानंद धावत गेला आणि जाळं फाटलंय असं सांगून रेफरीला घेऊन आला. रेफरी जाळं चाचपत असतानाच अबिगेलने बॉल दांडीवरून मारला.

"काका, हा कसा द्याल?"

काकांनी छाती काढून दोन्ही हात डोक्यावर उंच नेले. "सिक्सर!"

रेफरी जाळं सोडून बघतच राहिला. लांबून ती फुल्लीच वाटली होती त्याला. "यू गेव्ह मी दॅट बोथ टाइम्स?" त्याने काकांना विचारलं. काका ओशाळून हो म्हणाले. रेफरीने दोन पॉइंट जोडायला सांगितले आणि झेंडे उचलून काकांच्या हातात दिले.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. आता काकांच्या बाजूचा गोल स्वानंद राखत होता. शेवटच्या मिनिटाला व्हिटबी एकाने पुढे होती. ग्वेल्फच्या मुलीने लांबून मारलेला बॉल खांबाला अगदी चाटून दांडीवरून गेला.

"वाइड, वाइड!" व्हिटबीचे सगळे ओरडले. काकांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि पांढरा झेंडा वर केला. बरोबरी. शिट्टी वाजली.

अबिगेल पाय आपटत त्यांच्याकडे गेली. "काका, आज एकदाच नीट दिलंत, तेही त्यांना."

"आत होता गं तो," काका खाली मान घालून म्हणाले.

तिनेही तो आत जाताना पाहिला होता. त्यामुळे जास्तच राग येत होता.

तेवढ्यात रेफरीने दोन्ही टीमना बोलावलं. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम नाही, मॅच पुन्हा खेळायची. पुढच्या रविवारी, याच मैदानावर. मग त्याने अबिगेलच्या खांद्यावर थोपटलं. "गुड आइज, यंग लेडी. अँड युवर अंपायर इज गुड टू."

अबिगेलने मनात हिशेब केला. पुढच्या रविवारी पप्पांचं सामान अजून व्हिटबीतच असणार होतं. म्हणजे अजून एक मॅच.

काका थर्मास आवरत होते. ती त्यांच्यापाशी गेली.

"काका, रविवारी पण तुम्हीच उभे राहा."