स्टिअरिंगची नळी

धाकट्याने बाह्या सरसावल्या आणि जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या चाकावरचं हॉर्नचं बटण उचकटलं. गॅरेजच्या दारात वहिनी उभी होती. खुर्ची पुढे केली तरी बसली नव्हती.

"एवढंच सांगा भाऊजी, स्टिअरिंगमध्ये दोष होता का?"

"होता ना. चाकामागे बसला होता."

थोरल्याला, तिच्या नवऱ्याला, ही गाडी म्हणजे पुसून ठेवायचं शोभेचं भांडं वाटे, यंत्राची अक्कल शून्य. गेल्या वर्षी स्टिअरिंग उतरवून, साफ करून धाकट्यानेच बसवलं, तेव्हा तीनदा फोन आला, "अरे, ही डावीकडे ओढते." तिन्ही वेळा जागचा न हलता त्याने सुनावलं, "दादा, गाडी नाही, तू ओढतोस." मग एका दुपारी, सरळ मोकळ्या रस्त्यावर, गाडी डाव्या हाताच्या झाडावर गेली. गाडीचा एक दिवा फुटला. थोरला घरी आला नाही.

"सगळं सुटं करून दाखवा," वहिनी म्हणाली. "निर्दोष निघालं तर मी तुमची माफी मागेन."

ती माफी त्याला हवी होती. अकरा महिने हवी होती.

त्याने चाकाचा नट सैल केला, पण दोन आट्यांवर राहू दिला; चाक एकदम सुटून तोंडावर येऊ नये म्हणून सगळेच तसं करतात. चाक ओढून काढणारा पुलर लावला. एरवी हातोडीचे चार घाव मागणारं चाक पहिल्याच पिळाला सैल झालं. नट काढून त्याने ते बाजूला ठेवलं. त्यामागचा उघडा दांडा पाव फेरा डावीकडे फिरला आणि थांबला.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"पुढची चाकं जॅकवर आहेत. हलणारच."

तिच्या अडाणीपणाला हसत त्याने खाली सरपटून पुढच्या चाकांकडे जाणारा सांधा सोडवला. आता दांड्याचा कशाशी संबंध उरला नाही. तो उठला, तेव्हा दांडा आणखी पाव फेरा डावीकडे गेला होता.

या वेळी तो हसला नाही.

"ही बाहेरची नळी बघा," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "जेमतेम दोन बोटं रुंद, हात जात नाही. ग्रीससुद्धा लांब दांडीच्या ब्रशने भरलंय. तोंडावर माझं लाल रंगाचं सील, अजून शाबूत. आत मुंगी शिरायची नाही."

त्याने सील फोडलं आणि दांडा हळूहळू बाहेर ओढला. ग्रीस गुळगुळीत होतं. नळीच्या मध्यापर्यंत गुळगुळीत होतं.

तिथे दोन मुठींचे ठसे होते.

शेजारी शेजारी. दहाही बोटं वेगळी. ग्रीस डावीकडे पिळवटलेलं.

"निघालं का काही?" वहिनी दोन पावलं आत आली.

त्याने झटकन दोन्ही हातांनी ठसे झाकले. बोटं खाचांत बसली. त्याच्या करंगळीचं वाकडं पेरसुद्धा जिथल्या तिथे.

"काही नाही, वहिनी. बघा की. स्वच्छ आहे."

तिने दांड्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. बराच वेळ.

"चुकलं माझं, भाऊजी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

त्याने मान हलवली. हात मात्र उचलले नाहीत. तळव्यांखालचं ग्रीस कोमट होतं, नुकतीच कुणी पकड सोडावी तसं.