ताज्या माशाची साक्ष

"त्यांना सोडवा, असं मी म्हणत नाही," वॉचमनची बायको म्हणाली. "त्यांनी केलं की नाही, तेवढं शोधून काढा. केलं असेल तरी सांगा. घरात कुणाबरोबर राहायचंय, ते मला कळायला हवं."

टाचणीबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. अंगाने किरकोळ, बोलायला टोकदार, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं, आणि बाईंनी ते सरळ दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं. शेजारी वही घेऊन त्यांचे दीर बसले होते. भाऊजी निवृत्त चित्रकला शिक्षक. मन सोन्याचं, डोकं जरा सावकाश. प्रत्येक प्रकरणात ते न चुकता भलत्याच माणसावर संशय घेत.

"संशय यायला तुम्हाला कारण काय?" बाईंनी विचारलं.

"रविवारी रात्री त्यांच्या बाहीला रक्त होतं. माशाचं आहे म्हणाले. मीच धुतलं." तिने पदर बोटाला गुंडाळला. "कधीमधी एखादा मासा उचलून आणायचे संस्थेतून. त्यावरून चाखेकाकांशी वाजलंही होतं. सोमवारी काका मेलेले सापडले, पोलीस ह्यांना घेऊन गेले. आणि शर्ट तर मी धुऊन बसले होते."

भाऊजींनी वहीत 'वॉचमन' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

संस्था माशांवर संशोधन करणारी. माशाच्या जनुकांत बदल करून तो चवीला गोड आणि मेल्यावर जास्त दिवस ताजा राहील, असा वाण तिथे तयार होत होता. चव ठरवायचं काम एका म्हाताऱ्याचं. चाळीस वर्षं मासा चाखून चाखून त्याची जीभ तयार झाली होती, म्हणून सगळे त्याला चाखेकाका म्हणत. एकटाच राहायचा. सोमवारी सकाळी तो संस्थेच्या कोल्ड रूममध्ये पडलेला सापडला. डोकं स्टीलच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरने बाईंपुढे फोटो टाकले. "दोन डिग्रीत पडलेलं प्रेत, वेळ कशी सांगणार? शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, कधीही, असं डॉक्टर म्हणतात. शिवाय मार लागल्यावर दोनतीन तास जीव होता म्हणे."

"मग रविवार कशावरून?"

"माशावरून. काका मासा साफ करत असताना प्रकार घडला. मासा टेबलावरच होता."

फोटोत मासा स्पष्ट दिसत होता. डोळे काचेसारखे, खवले चमचमणारे, शेपूट मुळापासून कापलेलं. शेजारी सुरी.

"बाजारातली सगळ्यात जुनी मासेवाली बोलावली. तिने कल्ला उचलला, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, कालचा आहे, त्याआधीचा असेल तर माझं नाव बदला. रविवारी संस्थेत एकटा वॉचमन. शुक्रवार-शनिवार तो बहिणीकडे होता."

"हा मासा बदललेल्या वाणाचा असला तर?"

"तेही संस्थेत फोनवर विचारलं. बदललेल्या माशावर खूण असते म्हणाले. याच्यावर कुठलीच खूण नाही."

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. भाऊजींनीही पाहिला. मासा त्यांना ताटात आल्यावरच ओळखता येई.

"तो मासा कुठे आहे?"

"बर्फात. पुरावा आहे."

"मग त्याचा एवढासा तुकडा मला द्या," बाई म्हणाल्या.

संस्थेत आधी भेटला तो काकांचा पुतण्या. टाक्यांची सगळी देखरेख त्याच्याकडे. कोपरापर्यंत ओल्या हातांनी तो जाळी धूत होता.

"खूण म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"शेपटीला खाच. पिल्लू असतानाच मारतो. खाच असली की बदललेला, नसली की साधा. बाकी दिसायला जुळे भाऊ."

"मासे साफ कोण करायचं?"

"रोज मीच. सुट्टीच्या दिवशी काका यायचे, मग स्वतःच करायचे. त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ." त्याने जाळी खाली ठेवली. "शनिवारी मी त्यांना फोन केला होता. उचलला नाही. म्हटलं, झोपले असतील. ते तर कधीच उचलत नाहीत."

संचालिकाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "शुक्रवारी पाचला पाहुणे आले. त्यांना आमचा मासा खिलवायला मी आणि हा पुतण्या हॉटेलात गेलो. अकरा वाजेपर्यंत दोघंही तिथेच. हॉटेलच्या आचाऱ्याला मासा कापता येईना, शेवटी मीच पदर खोचला. माझी आई मासे विकायची. मी सहाव्या वर्षी सुरी धरली."

"आणि रविवारी?"

"आई दवाखान्यात आहे. दिवसभर तिच्या उशाशी."

"मागच्या दाराची किल्ली?"

"माझ्याकडे, पुतण्याकडे, काकांकडे आणि संशोधकांकडे."

या संशोधकानेच तो वाण तयार केला होता. डोळे रडून सुजलेले. रडणं खोटं नव्हतं, हे भाऊजींनाही कळलं.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "मेल्यावर मांस सैल करणारं जनुक बंद केलं. वास आणणारं द्रव्य तयार होऊ दिलं नाही. साधा मासा दीड दिवसात उतरतो, आमचा चार दिवस जसाच्या तसा. पण चव कशी आहे, हे मला काकाच सांगायचे. मला लहानपणापासून मासा चालत नाही. घास पोटात गेला की घसा सुजतो. आमच्या घरात मासा कधी आलाच नाही. काका माझी जीभ होते हो."

"सोमवारी तुमच्या अहवालावर त्यांची सही होणार होती?"

"होणार होती." तो खिडकीकडे पाहू लागला. "शुक्रवारी मी सहाला निघालो. शनिवारी पहाटेच्या गाडीने परिषदेला गेलो. रविवारी दोनशे लोकांसमोर माझं भाषण होतं."

बाहेर पडताना भाऊजी कुजबुजले, "वहिनी, ती संचालिका मला बरी नाही वाटली. फार ताठ बसते."

"तिची पाठ दुखत असेल, भाऊजी. बाजारातून एक मासा आणा. आणि कोळणीला सांगा, खवले काढू नको, फक्त शेपूट काप."

गुरुवारी दुपारी सगळे संस्थेतल्या चाखायच्या खोलीत जमले. इन्स्पेक्टर दाराला टेकून उभा होता. बाईंनी मासा भाऊजींपुढे ठेवला.

"खवले काढा."

भाऊजींनी सुरी घेतली आणि पहिल्या झटक्याला मासा टेबलावरून निसटून संचालिकाबाईंच्या पायांशी गेला. दुसऱ्यांदा भाऊजींचं बोट थोडक्यात वाचलं.

"धरायचं कुठे याला?" भाऊजी वैतागले.

"शेपटीला!" पुतण्या आणि संचालिकाबाई एकदम बोलून गेले.

"बरोबर. शेपूट धरायचं आणि उलट्या अंगाने खवले काढायचे. मासा साफ करणारा कुणीही शेपूट शेवटी कापतो. मग चाळीस वर्षं माशात घालवलेल्या काकांनी खवले तसेच ठेवून शेपूट आधी कापलं? शक्य नाही. ते दुसऱ्याने कापलं. ज्याने जन्मात मासा साफ केला नाही, अशा माणसाने."

"कशासाठी? शेपटीवर खाच होती म्हणून. कापलेला तुकडा तो सोबत घेऊन गेला, म्हणून फोटोत कुठे दिसत नाही. तो मासा बदललेला होता. चार दिवस जसाच्या तसा राहणारा. साधा मासा ठेवला असता तर सोमवारी तो शुक्रवारचाच दिसला असता. खाचेचा तसाच ठेवला असता तर त्याच्या ताजेपणावर कुणी भरवसा ठेवला नसता. मासेवाली खोटं बोलली नाही. तिची आयुष्यभराची पारख या नव्या माशाने फसवली. आणि हा नुसता तर्क नाही. काल संचालिकाबाईंनी माझ्यासमोर तो तुकडा यंत्रात तपासला. जनुकं बदललेली आहेत."

इन्स्पेक्टर सरळ उभा राहिला.

"म्हणजे रविवार खोटा. ज्याची रविवारची साक्ष सगळ्यात भक्कम, त्यालाच रविवार हवा होता. शुक्रवारी वॉचमन गावात नव्हता. संचालिकाबाई आणि पुतण्या अकरापर्यंत हॉटेलात होते, आणि दोघांचाही हात सुरीवर बसलेला. ही चूक त्यांच्या हातून झोपेतही झाली नसती. किल्लीवाला राहिला एकच. त्याच्या घरात मासा कधी आलाच नाही."

संशोधकाने चेहरा ओंजळीत घेतला.

"ते म्हणाले, अशी चव आयुष्यात चाखली नाही," तो म्हणाला. "मी त्यांचे पाय धरणार होतो. पण सही करायला नाही म्हणाले. त्यांनी एक मासा बारा दिवस ठेवून पाहिला होता. वास नाही, रंग तसाच. मांजराला घातला, मांजर तडफडून मेलं. म्हणाले, सडलेलं नाकाला कळायलाच हवं रे, नाहीतर घरोघरी माणसं मरतील. मी म्हटलं, सुधारतो, आधी सही तर करा. ते कोल्ड रूममधून बाहेर निघाले. मी अडवलं. ढकललं."

"आणि ते मेले, असं समजून तुम्ही मासा आणायला गेलात," इन्स्पेक्टर म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, दोनतीन तास जीव होता," टाचणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "खरं सांगा. तुम्हाला कळलं होतं?"

"मी शेपूट कापत होतो," तो म्हणाला, "तेव्हा त्यांनी डोळे उघडले होते."

पुतण्या त्याच्या अंगावर धावला. दोन शिपायांनी त्याला धरलं. धरलं नसतं तर बरं झालं असतं, असं भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाबद्दल वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

संध्याकाळी वॉचमनला सोडलं. पोलीस ठाण्याच्या पायरीवर त्याची बायको कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. मागे टाचणीबाई आणि भाऊजी. तो बाहेर आला तेव्हा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"माशाचंच होतं रक्त," तो आल्या आल्या म्हणाला.

"सांगितलं बाईंनी."

"तुला ठाऊक होतं ना? मी असलं काही करणार नाही, हे ठाऊक होतं ना तुला?"

हो म्हण बाई, भाऊजी मनातल्या मनात म्हणाले. एवढं एक खोटं बोल.

"नाही," ती म्हणाली. "नव्हतं ठाऊक."

त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली.

"तीन दिवस सारखं तेच विचारत होते," तो म्हणाला. "काल रात्री मलाही वाटायला लागलं होतं, की केलं असेल मी."

ती रडायला लागली. तो पिशवी खाली ठेवून पायरीवर बसला, आणि ती त्याच्या शेजारी बसली.