ज्वारीची बिअर आणि ममताचं नाक

दारव्ह्यात मे महिन्याच्या भर दुपारी शेजारच्या गच्चीवरच्या खोलीत धडाम आवाज झाला, आणि ममताने आपल्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर काचा येऊन पडल्या. दोन दिवस गहू भिजवून, चीक हाटून पिळलेल्या कुरड्या! ती तशीच अनवाणी, तापलेला कठडा ओलांडून त्या खोलीच्या दारात उभी राहिली.

आत चिंब शर्टातला एक तरुण फडक्याने फरशी पुसत होता. संघदीप. पुण्यात एका बिअरच्या कारखान्यात चार वर्षं काढून, स्वतःची बिअर बनवायची म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच गावी परतलेला.

"काय फुटलं हे?"

"बिअरची बाटली... ज्वारीची बिअर. घरीच करून पाहून राह्यलो."

"अन् माह्या कुरड्या?"

"भरून देतो ना जी."

"पिळता येते काय तुमाले कुरड्या?"

त्याला हसू आलं. नेमकं तिथेच चुकलं.

"दात काय काढता? साखर किती टाकली बाटलीत?"

"पुण्यात टाकत होतो तेवढीच."

"पुण्याचं ऊन अन् दारव्ह्याचं ऊन एक हाये काय? इथं तेवढ्या साखरेनं बाटली फुटंनच. अन् मोडाची ज्वारी बंद डब्यात ठेवली होती ना? कुबट वास येऊन राह्यला."

संघदीपच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हा कुबटपणा कुठून येतो, ते त्याला पंधरा दिवसांत सापडलं नव्हतं.

ममता बाजार समितीत एका अडत्याकडे धान्याचे नमुने तपासायची. मूठभर सोयाबीन नाकाशी धरायची, एक दाणा दाताखाली फोडायची, आणि ओलावा सांगून टाकायची. यंत्र मागाहून तेच सांगायचं. पण शेतकऱ्यांपुढे अडत्या म्हणायचा, "आपला अंदाज कधी चुकत नाही." सहा वर्षांत तिचं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ती दात-ओठ खाऊन पुढची मूठ उचलायची.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भांडायला गेली. तिसऱ्या दिवशीही. भांडता भांडता तिने मोडाची ज्वारी पोत्यावर सावलीत पसरायला लावली, बिअर आंबायच्या पिंपाला ओलं फडकं गुंडाळलं, साखर निम्म्यावर आणली. तो पेला पुढे करायचा — आणि पेल्याकडे नाही, तिच्या नाकाकडे बघत बसायचा.

"माह्याकडे काय पाह्यतं?"

"नाक मुरडते का, ते पाहून राह्यलो."

"मुरडणारच. लय कडू केली. जिभेवरून हटत नाही."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही. त्याच्या दाढीला लागलेला फेस आपल्याला पुसावासा वाटतो, हे मात्र कळलं होतं... आणि त्याचाही तिला रागच आला होता.

ऑगस्टात सहा बाटल्या पुण्याला, संघदीपच्या जुन्या कारखान्यात चाखायला गेल्या. आठवड्याने कारखान्याचे मालक चारुदत्त यांचा फोन आला. संघदीपने ममतालाही ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"ज्वारीची आहे, पण कुबटपणा नावालाही नाही. आपण ही बाजारात काढायची. कोणी शिकवलं हे?"

संघदीपने ममताकडे पाहिलं.

"कोणी नाही, सर. माझंच डोकं."

ममताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन बंद होईपर्यंत ती कशीबशी थांबली.

"तुहं डोकं?"

"ममता, ऐक. घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही. उद्या काही झालं तर माह्या एकट्यावर येईन. तुहं नाव कायले गोवू? बाजारात लोक बोलतीन, अडत्या कामावरून काढंन..."

"मले इचारलं?"

तो फोन खिशात ठेवायला लागला.

"तो अडत्या माह्या नाकावर मोठा झाला. त्याचा राग येते, पण रडू नाही येत. तू बी तसाच निघाला, म्हणून..." तिचा आवाज फाटला. "माहं नाव झाकाचं का नाही, ते मी ठरवीन. फोन लाव."

"मले तू आवडते, ममता. म्हणूनच मी —"

"ते मागून. आधी फोन लाव."

त्याने लावला. "सर, मघाशी खोटं बोललो. ज्वारी ममता भगतने सुधारली. वास तिनं ओळखला, साखर तिनं ठरवली. मी फक्त उकळली."

पलीकडून चारुदत्तांनी नाव पुन्हा विचारून घेतलं. मग, "आहेत का त्या तिथे?"

ममताने फोन घेतला. "नमस्कार. तुमी वापरणार त्या ज्वारीचा नमुना पहिले मले पाठवा. वास घेतल्याबिगर मी हो म्हणत नसते."

"पाठवतो, ममताताई. आणि तुम्ही दोघंही या पुण्याला."

तिने फोन ठेवला. चेहरा लालबुंदच होता.

"हं, आता बोल. काय म्हणत होता?"

"तू आवडते मले..."

"मले बी तू आवडतं," ती भांडल्यासारखीच म्हणाली. "अन् आईले आपलं मीच सांगीन. माह्या भल्यासाठी म्हणून तू मधात तोंड घालू नको."

संघदीपने होकारार्थी मान हलवली आणि गप्प राहिला. पहिल्यांदाच त्याचं गप्प राहणं तिला आवडलं.